मांजरपाटावरची पिवळी खूण

पांचाळकाकांची आणि माझी पहिली भेट आमच्या कन्याशाळेच्या कार्यालयात झाली. मी नुकतीच बी.ए. होऊन पनवेलला परतले होते आणि शाळेत लागून महिनाही झाला नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. वडील भाताच्या गिरणीत कामाला. त्यामुळे पदवीचा कागद मी घडी घालून पिशवीत घेऊन फिरत असे. कोणी विचारलेच तर जवळ असावा, म्हणून.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले तेव्हा समोरच्या खुर्चीत एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, मनगटावर जुने घड्याळ, पायाशी पत्र्याची पेटी.

"ह्या आमच्या नव्या बाई. इंग्रजी चांगलं आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"अक्षर?" त्यांनी विचारले.

मी पिशवीकडे हात नेला. त्यांनी तो पाहिला असावा. म्हणाले, "कागद नको दाखवू. लिहून दाखव. लिही, चौथ्या पात्याचा बोल्ट तपासला."

मी लिहिले. त्यांनी तो कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. "चालेल. फार नक्षी नाही," म्हणाले. माझ्या पदवीची ती पहिली परीक्षा, आणि मी ती पास झाले.

श्री. दामोदर विठ्ठल पांचाळ यांना पनवेलमध्ये कोण ओळखत नाही? पण त्यांनी नेमके काय काम केले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे वडील बैलगाडीची चाके करीत. महायुद्धाच्या काळात वायुदलाला सुतार हवे होते, कारण तेव्हा विमानांचे पंखे लाकडाचे असत. काका भरती झाले. पुढे देशात हेलिकॉप्टरे आली, त्यांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा पात्यांचे काम जाणणारा माणूस म्हणून काकांना तिकडे नेले. निवृत्त झाले ते वॉरंट ऑफिसर म्हणून. स्क्वाड्रनचा क्रमांक मी ह्या गौरवग्रंथात देत नाही. तसे काकांनीच सांगितले आहे.

त्या स्क्वाड्रनने आपल्या सेवेचा इतिहास लिहायचे ठरवले होते. अडचण अशी होती, की सुरुवातीच्या वर्षांचे दप्तरच शिल्लक नव्हते. चीनच्या लढाईत माघार घेताना सगळी कागदपत्रे जाळून टाकायचा हुकूम आला आणि तो पाळला गेला. राहिल्या त्या फक्त काकांच्या पेटीतल्या चिंध्या. त्यांवरून तो इतिहास इंग्रजीत लिहून द्यायला त्यांना कोणी हवे होते.

चिंध्या हा शब्द माझा नाही, काकूंचा आहे. त्या पेटीत मांजरपाटाच्या हातभर लांबीच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर लाल, निळे, पिवळे आणि हिरवे असे चार फराटे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने यंत्राचा क्रमांक व दिवस. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची चारही पाती एकाच पातळीत फिरावी लागतात. एखादे वर किंवा खाली गेले तर सारे यंत्र थरथरते. म्हणून प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावतात, पंखा जमिनीवरच फिरवतात, आणि एक माणूस लांब काठीला ताणलेले मांजरपाट घेऊन बाजूला उभा राहतो. काठी हळूहळू आत झुकवायची. पात्यांची टोके कापडाला जेमतेम शिवली की चार खुणा उमटतात. चारही एका उंचीवर आल्या तर पाती ठीक. वर-खाली असल्या तर कोणते पाते चुकते आहे ते रंगावरून कळते. काठी जरा जास्त झुकली तर ती हातातून कोठे जाईल ते सांगता येत नाही. काकांनी ती काठी इतकी वर्षे धरली, की आजही ते उभे राहतात ते डावा पाय पुढे टाकून, वाऱ्याला अंग देऊन.

हे काम त्यांना परदेशी शिक्षकांनी शिकवले, असे मी माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते. काकांनी ते खोडायला लावले. झाले होते असे. शिक्षक फळ्यावर आकृती काढून समजावीत होते, तेव्हा मागे बसलेले काका हसले. शिक्षकांनी रागाने कारण विचारले. काकांनी मोडक्या इंग्रजीत सांगितले, "माझे वडील गाडीचं चाक असंच बघतात. चाक फिरवायचं आणि जवळ खडू धरायचा. जिथं उंचवटा, तिथं खूण." शिक्षकांनी खडू त्यांच्या हातात दिला. त्या दिवसापासून मांजरपाटाची काठी काकांकडे आली. पुढे सुट्टीवर आल्यावर त्यांनी वडिलांना ही हकिकत सांगितली. चाके करणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांनी एवढेच विचारले, "मग त्यात नवीन काय केलं त्यांनी?"

आमचे काम दर गुरुवारी शाळा सुटल्यावर काकांच्या घरी चाले. सुरुवातीला आमच्या गल्लीत कुजबूज झाली. तरुण मुलगी, परक्याचे घर. काकांच्या कानावर ते गेले असावे. पुढच्या गुरुवारी तेच पेटी घेऊन आमच्या घरी आले आणि आत न येता ओट्यावर बसले. माझे वडील संकोचून म्हणाले, "आत बसा की साहेब." काका मोठ्याने म्हणाले, "इथंच बरं. ज्याला बघायचं त्याला नीट दिसू दे. आणि साहेब म्हणू नका हो, मी सुताराचा पोरगा." तीन गुरुवार ते असे उघड्यावर बसले. चौथ्या गुरुवारी शेजारच्या बायांनीच मला बजावले, म्हाताऱ्या माणसाला किती हेलपाटे घालायला लावतेस, तूच जात जा.

मी जमिनीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहीत असे. काही दिवसांनी त्यांच्या ओसरीवर एक उतरते मेज दिसले. वडिलांच्या वेळच्या, चाकासाठी आणलेल्या बाभळीच्या लाकडाचे त्यांनी ते केले होते. "तुझ्यासाठी नाही केलं," म्हणाले. "ओळी तिरक्या जायला लागल्या होत्या." हा लेख त्याच मेजावर लिहिते आहे.

काकूंचा ह्या इतिहासावर विश्वास नव्हता. "आयुष्यभर चिंध्या जमवल्या," त्या चहा ठेवताना म्हणत. "बोहारणीला दिल्या असत्या तर चार भांडी तरी आली असती." आणि एकदा त्यांनी खरेच एक गठ्ठा देऊन टाकला होता. काका तेव्हा दूर छावणीत होते. बदल्यात आलेले ॲल्युमिनियमचे पातेले अजून घरात आहे. त्याला घरात हेलिकॉप्टरचे पातेले म्हणतात. इतिहासात कोठे दोन महिन्यांची फट दिसली की काका स्वयंपाकघराकडे पाहून म्हणत, "लिही, ह्या काळातली माहिती दुधाखाली आहे."

मी ह्या कामाला फार मोठ्या अपेक्षेने बसले होते. मला वाटले होते, रणांगण असेल, शौर्य असेल. पट्ट्या एकेक करून उलगडल्या तसे निघाले ते वेगळेच. तांदळाची पोती. रॉकेलचे डबे. बूट, घोंगड्या, टपाल. पूर आलेल्या गावातून माणसे. डोंगरावरच्या ठाण्यावरून हातपाय गारठलेले जवान. पुन्हा पोती. काका पट्टी हातात घेत, रंग पाहत आणि सांगत. बऱ्याचदा सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होई आणि ते नुसते पट्टीकडे पाहत बसत. मीही दिवसभर शाळेत उभी राहून आलेली असे. आम्ही दोघे त्या मांजरपाटासमोर न बोलता बसून राहिल्याचे कितीतरी गुरुवार मला आठवतात.

एकदा मी लिहिले, "आमच्या वीरांनी प्राणांची पर्वा न करता अतुल पराक्रम गाजवला." काकांनी विचारले, "कोणत्या दिवशी?"

"असं सर्वसाधारण लिहिलंय, काका."

"खोड. त्या आठवड्यात आम्ही फक्त थकलो होतो. तेवढंच लिही. यंत्रं थकली होती, माणसं थकली होती. पराक्रम करायला अंगात काही उरायला लागतं."

मी खोडले. पण मनातून पटले नव्हते. थकवा हा काय इतिहासात लिहायचा विषय आहे, असे तेव्हा वाटले होते.

आता मला ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायचा आहे, तिच्याकडे येते.

माझ्या आठवीच्या वर्गात सुमन घरत नावाची मुलगी होती. गव्हाणची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. शिकायला मावशीकडे पनवेलात राही. तिचे वडील हिराजी घरत काकांच्याच स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक होते, काकांच्या हाताखालचे. लढाईच्या हिवाळ्यात डोंगरावरच्या एका ठाण्याकडे जाताना त्यांचे हेलिकॉप्टर पडले. वैमानिक आणि हिराजी दोघेही गेले. घरी जे पत्र आले, त्यात यंत्राच्या देखभालीत त्रुटी राहिली असण्याची शक्यता लिहिली होती. त्यातच कोणीतरी सुट्टीवर आलेला माणूस बाजारात बोलून गेला, देखभाल तर हिराजीकडेच होती. एवढे पुरले. गावात बोलले जाऊ लागले, हिराजीने पंखा सैल ठेवला, स्वतः मेला आणि साहेबालाही घेऊन गेला. एकदा मधल्या सुट्टीत एका मुलीने सुमनला तोंडावर म्हटले, "तुझ्या बापानं हेलिकॉप्टर पाडलं." मी त्या मुलीला रागावले आणि सुमनला जवळ घेऊन हुतात्म्यांविषयी बरेच काही बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "पन बाई, पाडलं का नाय?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. उत्तर माझ्या गुरुवारच्या मेजापासून चार हातांवर होते.

मी पट्ट्या यंत्राच्या क्रमांकाप्रमाणे लावीत होते. एका यंत्राची शेवटची पट्टी सापडेना. मी काकांना विचारले. ते म्हणाले, "बोहारणीला गेली असेल."

आत काकूंचे वाटण वाटणे थांबले. "माझ्यावर नका घालू," त्या आतूनच म्हणाल्या. "मी गठ्ठा दिला तेव्हा लढाई झालीच नव्हती. ती पट्टी तुमच्या उशाच्या पेटीत आहे."

काकांनी पुढ्यातल्या पट्ट्या गोळा केल्या. मग म्हणाले, "आज पुरे. तू घरी जा."

पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा ती पट्टी माझ्या मेजावर पसरून ठेवली होती. चारही कोपऱ्यांवर खिळे ठेवले होते, उडू नये म्हणून. लाल, निळी आणि हिरवी खूण एका रेषेत. पिवळी वर.

काका उभेच होते. त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्या परवानगीने लिहिते. नुसती परवानगी नव्हे, त्यांनी तसे बजावले आहे.

"नियम एका बोटाचा. एका बोटापेक्षा जास्त फरक असला तर यंत्र उडवायचं नाही. ही दोन बोटं आहे. मोजून बघ. त्या सकाळी वर जखमी पडून होते आणि तेवढं एकच यंत्र उभं होतं. आम्ही किती दिवस झोपलो नव्हतो, ते मला आता आठवत नाही. हिराजी माझ्या शेजारी होता. म्हणाला, पांचालसाहेब, पिवला वर जातंय. मी म्हटलं, जाऊ दे. तो परत म्हणाला, दोन बोटं हाय साहेब, तासभर द्या, बसवतो. मी म्हटलं, तासभर तुझ्याकडे आहे, त्या वरच्यांकडे आहे का? चढ. आणि सही केली. तो चढला."

मी विचारले, "म्हणजे त्या पात्यामुळेच पडलं?"

"ते देवालाही ठाऊक नाही. वारा होता. वजन जास्त होतं. डोंगरात काहीही होतं. पात्यामुळे पडलं की नाही, हे मी मरेपर्यंत सांगू शकणार नाही. पण हिराजीमुळे नाही पडलं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे."

"चौकशीत सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, यंत्र तपासलं होतं का? मी म्हटलं, तपासलं होतं, सही आहे. तपासलंच होतं. सही होतीच. पुढे दप्तर जळलं. खोटं मी बोललो नाही, पोरी. एवढंच करत राहिलो इतकी वर्षं."

मी वही मिटली आणि उठले. मला वाटते मी नमस्कारही केला नाही. दोन गुरुवार मी गेले नाही. माझे वय तेव्हा असे होते, की माणूस एकतर स्वच्छ असतो किंवा नसतो. वर्गात सुमनच्या बाकाकडे पाहणे मला जमेना. तिसऱ्या गुरुवारी वडील म्हणाले, "जात नाहीस?" मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तुला हे कुणी सांगितलं?"

"काकांनीच."

"मग? ज्यांनी सांगितलं त्यांचं लिहायचं नाही, तर कुणाचं लिहिणार?"

मी गेले. काकांनी मी का आले नव्हते ते विचारले नाही. म्हणाले, "लिही." आणि सांगू लागले. ती वाक्ये त्यांनी इतक्या वेळा मनात लिहिली होती, की त्यांत एकही शब्द मागेपुढे करावा लागला नाही. मी ती मराठीत घेतली आणि मग त्यांचे इंग्रजी केले. ती अशी:

"त्या दिवशी सकाळी पात्यांची पट्टी मी स्वतः धरली. पिवळी खूण बाकीच्या तिन्हींपेक्षा दोन बोटे वर होती. नियमाप्रमाणे यंत्र उडवायला नको होते. मेकॅनिक हिराजी घरत यांनी मला तसे दोनदा सांगितले. मी ऐकले नाही. सही माझी आहे."

इतिहासाची स्वच्छ प्रत आम्ही पाठवली. उत्तर आले ते सौजन्याचे होते. पट्ट्यांवरून उभ्या केलेल्या मजकुराबद्दल फार आभार मानले होते. फक्त ही पाच-सहा वाक्ये वगळावी लागतील, सेवेच्या इतिहासात वैयक्तिक बाबी नसाव्यात, असे लिहिले होते. काकांनी माझ्याकडून पुन्हा पत्र लिहवून घेतले. पुन्हा तसेच उत्तर आले. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. वैमानिकाच्या घरीही काकांनी माझ्या हातून एक पत्र पाठवले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

तेव्हा एका रविवारी काका म्हणाले, "चल, गव्हाणला जाऊ." काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं नाही गेलात ते?" काका म्हणाले, "म्हणूनच." उरणच्या एसटीने आम्ही फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. वाटेत काका दोनदा मैलाच्या दगडावर बसले. दमा नाही, काही नाही. नुसते बसले.

यशोदाबाई घरत दारातच मासळी साफ करीत बसल्या होत्या. सुमन सुट्टीची घरी आलेली होती. मला पाहून ती गडबडीने घोंगडी घालू लागली. काका बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले आणि मला वाचायला सांगितले. मी वाचले.

यशोदाबाईंनी विळी बाजूला केली. हात धुतले. बराच वेळ लावून धुतले. मग काकांना म्हणाल्या, "माजी सासू याच आशेवर गेली. रोज बोलं, कोनतरी येल, कोनतरी सांगल. तुमी आज आलाव?"

काका म्हणाले, "हो."

"पनवेलासून गव्हान किती लांब हाय, पांचालदादा?"

काकांनी हात जोडले. यशोदाबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या सुमनला म्हणाल्या, "सुमे, त्यो कागद घे. तू वाच. बाईंसारका नको, मोठ्यानं वाच. शेजारी आयकू दे."

सुमनने वाचले. पहिल्या वाक्याला तिचा आवाज हळू होता. "दोनदा सांगितले" ह्या शब्दांपाशी तो सुटला. पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी उठून आली आणि म्हणाली, "काय वाचतंय गो पोर?" यशोदाबाई म्हणाल्या, "परत वाच." आणखी दोघी आल्या. "परत." किती वेळा वाचले ते मी मोजले नाही. काका शेवटपर्यंत उभे होते, डावा पाय पुढे टाकून.

निघताना यशोदाबाई म्हणाल्या, "कागद तुमच्या साहेबांना धाडा. त्यो फडका मना द्या."

त्या वाक्यांचा तो एकमेव पुरावा होता. माझ्या तोंडावर ते आलेही. काकांनी खिशातून पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पिवळ्या खुणेवर बोट ठेवले, मग खालच्या तिन्ही खुणांवर. "दोन बोटा हाय," त्या म्हणाल्या. "त्याला बराबर दिसायचा. डोला चांगला व्हता त्याचा." आणि मग, आम्ही पायरी उतरल्यावर, मागून म्हणाल्या, "वालाला शेंगा धरल्या का मडक्यात भाजतूं, पोपटी लावतूं आमी. या."

येताना काका एकदाही बसले नाहीत. एसटीत मात्र खिडकीला डोके टेकून त्यांना गाढ झोप लागली. पनवेल आले तरी मला त्यांना उठवावेसे वाटेना.

पुढे इतिहासाचे पुस्तक छापून आले. कागद गुळगुळीत आहे, छायाचित्रे आहेत. काकांच्या पट्ट्यांवरून उभे राहिलेले भाग त्यात आहेत. शेवटी सेवेत असताना मरण पावलेल्यांची यादी आहे, तीत हिराजी घरत हे नाव आहे. ती वाक्ये नाहीत. काकांनी पानन्‌पान पाहिले, पुस्तक मिटले, म्हणाले, "छान छापलंय," आणि काकूंकडे चहा मागितला.

त्यानंतर आपल्या सत्कार समितीची मंडळी काकांच्या साठीनिमित्त त्यांच्याकडे गेली. काकांनी नको म्हटले. आग्रह झाला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. ती वाक्ये गौरवग्रंथात मराठीत छापायची आणि समारंभात हार घालण्याआधी मोठ्याने वाचायची. समितीतले एक सद्‌गृहस्थ कळकळीने म्हणाले, "अहो काका, गौरवग्रंथात असं कोणी लिहितं का? लोक काय म्हणतील?"

काका म्हणाले, "म्हणू दे. इतकी वर्षं हिराजीला म्हणत होते. आता थोडे दिवस मला म्हणू दे." मग जरा थांबून, "नाहीतर सत्कार राहू द्या. तसंही खुर्चीत बसून माझी पाठ दुखते."

समितीने अट मान्य केली, ह्याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे. ती वाक्ये वर छापली आहेत. वाचकांपैकी कोणी गव्हाण, जासई, उरणकडचे असतील, त्यांनी ती आपापल्या गावात वाचून दाखवावीत, अशी माझी विनंती आहे. समारंभात ती सुमन वाचणार आहे. यशोदाबाईंनी येईन असे सांगितलेले नाही. येणार नाही असेही सांगितलेले नाही.

पांचाळकाकांचा गौरव करताना मी काय म्हणावे, ह्याचा मी फार विचार केला. पदवी घेतली तेव्हा मला वाटत होते, की थोर माणसाची चूक झालेली नसते. आता तसे वाटत नाही. काकांनी कितीतरी वर्षे असंख्य पट्ट्या बरोबर धरल्या आणि त्या यंत्रांतून माणसे घरी आली. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. एक पट्टी चुकली, त्या यंत्रातल्या दोघांची नावे त्यांना ठाऊक आहेत. ती पट्टी त्यांनी उशाशी ठेवली, जाळली नाही. दप्तर जाळण्याचा हुकूम होता तेव्हाही नाही. उशीर केला, आणि उशीर केला हेही लिहायला लावले. मला ह्याहून जास्त काही म्हणता येत नाही. मी थोडी थकले आहे, आणि काका तर फारच थकले आहेत.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायची रीत आहे. मी काकांना तसे म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "शंभर नको. एसटीत लागली तशी झोप लागू दे, तेवढं माग." तेव्हा मी तेच मागते. काकांना रोज तशी झोप लागो. त्यांचे डोळे आणि पाय असेच शाबूत राहोत, कारण उशाची पेटी अजून पुरती उलगडायची राहिली आहे, आणि वालाला शेंगा धरल्या की फाट्यापासून चालायचे आहे. दर गुरुवारी शाळा सुटली की मी येतेच आहे. काकूंनी चहा हेलिकॉप्टरच्या पातेल्यातच ठेवावा.